बरे वाटू लागल्यानंतरचे पथ्य

डायलिसिसवर असलेल्या माणसाचे सगळे आयुष्य पाण्याभोवती फिरते. सकाळचा चहा, जेवणातली आमटी, दुपारचे ताक, गोळ्यांबरोबरचे दोन घोट, सगळे मोजून लिटरभरात बसवायचे. एप्रिल-मे महिन्यांत घसा सुकला तर बर्फाचा खडा जिभेवर ठेवून वेळ मारून न्यायची. मग एके दिवशी किडनी प्रत्यारोपण होते आणि वॉर्डातली परिचारिका सांगते, ‘‘पाणी भरपूर प्या, दिवसाला अडीच-तीन लिटर पोटात गेले पाहिजे.’’ अनेक रुग्णांना हे वाक्य ऐकून रडू येते. आपण बरे झालो याची खात्री त्यांना शस्त्रक्रियेच्या अहवालापेक्षा भरलेल्या तांब्याने पटते.

पुढचे दिवस खरोखरच चांगले असतात. तोंडाला चव येते, अंगावरची सूज उतरते, चेहऱ्यावरचा काळवंडलेपणा जातो, आठवड्यातून तीनदा रुग्णालयाची वारी थांबते. घरात पेढे वाटले जातात. दोन-तीन महिन्यांत बरेच जण कामावर रुजू होतात. साहजिकच सगळ्यांना वाटते की आजार संपला.

खरी परीक्षा इथूनच सुरू होते. पहिल्या वर्षात रुग्ण, नातेवाईक आणि डॉक्टर सगळेच डोळ्यांत तेल घालून असतात. नवी किडनी हातची जाण्याचा धोका चौथ्या, सहाव्या, आठव्या वर्षी निराळ्या वाटेने येतो. तोवर सगळे इतके सुरळीत चाललेले असते की एखादी गोळी राहिली, एखादी तपासणी पुढे ढकलली, तर काही बिघडत नाही असे वाटू लागते. भारतात २०२३ या एका वर्षात १३ हजारांहून अधिक मूत्रपिंड प्रत्यारोपणे झाली. प्रत्यारोपण होऊन बरीच वर्षे लोटलेली माणसे आता आपल्या शेजारी, कार्यालयात, नात्यात असतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी बरे वाटू लागल्यानंतरचे हे पथ्य समजून घ्यायला हवे.

न दुखणारी किडनी

नवी किडनी जुन्या किडनीच्या जागी बसवतात, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात जुन्या दोन्ही किडन्या सहसा तशाच राहू देतात. त्यांच्यात वारंवार जंतुसंसर्ग होत असेल किंवा त्या फारच मोठ्या झाल्या असतील, तरच काढतात. नवी किडनी ओटीपोटात, बहुधा उजव्या बाजूला ठेवून तिच्या रक्तवाहिन्या पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना आणि मूत्रनलिका मूत्राशयाला जोडली जाते. जुन्या किडन्यांना पाठीमागे फासळ्यांचे आणि जाड स्नायूंचे संरक्षण असते, तसे नव्या किडनीला नाही. म्हणून कुस्ती, कबड्डी, ज्युदो असे अंगाला अंग भिडणारे खेळ टाळायला सांगतात.

शस्त्रक्रियेत रक्तवाहिन्या जोडतात; नसा मात्र जोडल्या जात नाहीत. आत काही बिघडले तरी ही किडनी बहुधा दुखत नाही. शरीर तिला नाकारू लागले, म्हणजे रुग्णांच्या भाषेत ‘रिजेक्शन’ सुरू झाले, तर कधी लघवी कमी होते, पायावर सूज येते, वजन अचानक वाढते, रक्तदाब चढतो, ताप येतो, किडनीच्या जागी जड वाटते. पण आजच्या औषधांच्या काळात अनेकदा यातले काहीच होत नाही. पहिली खूण रक्ततपासणीच्या कागदावर, क्रिएटिनिनच्या आकड्यात उमटते.

हा आकडा वाचायलाही शिकावे लागते. एखाद्याचे क्रिएटिनिन वर्षानुवर्षे १.६ वर स्थिर असते आणि तो ठणठणीत असतो. दुसऱ्याचे १.० वरून १.३ वर जाते. प्रयोगशाळेच्या छापील मर्यादेशी ताडून पाहिले तर दुसऱ्याचा अहवाल पहिल्यापेक्षा चांगला दिसतो. मूत्रपिंडविकारतज्ज्ञ मात्र तातडीने दुसऱ्याला बोलावतील, कारण त्याचा स्वतःचा नेहमीचा आकडा हलला आहे. म्हणून जुने अहवाल फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून ठेवावेत आणि दर वेळी नवा आकडा मागच्या तीन-चार आकड्यांशेजारी ठेवून पाहावा. शक्य तोवर तपासणी एकाच प्रयोगशाळेत करावी, म्हणजे यंत्रायंत्रांतल्या फरकाने घोळ होत नाही.

जुळ्या भावांपासून मातीतल्या बुरशीपर्यंत

रोज गोळ्या का घ्यायच्या, याचे उत्तर प्रत्यारोपणाच्या इतिहासात आहे. जगातले पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात झाले. डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिक याची किडनी त्याचा भाऊ रिचर्ड याला बसवली. दोघे एकाच गर्भबीजापासून झालेले, तंतोतंत सारखे जुळे होते. रिचर्डच्या शरीराने भावाची किडनी आपलीच मानली. तो पुढे ८ वर्षे जगला. डॉ. मरे यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पण असा जुळा भाऊ किती जणांना असतो? आई असो, पत्नी असो वा मृत्यूनंतर अवयवदान केलेली अनोळखी व्यक्ती, दुसऱ्या कुणाचीही किडनी शरीरात आली की आपल्या पांढऱ्या पेशी तिला परकी ठरवतात आणि तिच्यावर तुटून पडतात. १९६०च्या दशकात ॲझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड ही औषधे एकत्र वापरून हा हल्ला थोपवता येऊ लागला. भारतात १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये जिवंत दात्याच्या किडनीचे यशस्वी प्रत्यारोपण झाले, ते याच औषधांच्या काळात. नॉर्वेतल्या मातीत सापडलेल्या बुरशीपासून सायक्लोस्पोरिन मिळाले. १९८३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि प्रत्यारोपणाचे चित्र पालटले. १९८४ साली जपानमधल्या त्सुकुबा डोंगराच्या परिसरातील मातीतल्या जिवाणूपासून टॅक्रोलिमस सापडले. आज बहुतेक रुग्णांच्या डबीत टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि थोडे प्रेडनिसोलोन अशी तीन औषधे असतात.

ही औषधे पांढऱ्या पेशींना किडनीची ओळख पटवून देत नाहीत. ती फक्त त्यांचा हात धरून ठेवतात. किडनी दहा वर्षे बसून असली तरी शरीराच्या लेखी ती परकीच राहते. धरलेला हात सुटला की हल्ला पुन्हा सुरू होऊ शकतो. म्हणून या गोळ्या किडनी चालू आहे तोवर घ्यायच्या असतात.

घड्याळाशी बांधलेली गोळी

टॅक्रोलिमसचे गणित नाजूक असते. रक्तातली पातळी कमी पडली तर रिजेक्शनचा धोका. जास्त झाली तर हेच औषध किडनीला इजा करते, हात थरथरतात, साखर वाढते. सुरक्षित पट्टा अरुंद आहे. म्हणून साधी कॅप्सूल बारा-बारा तासांनी, रोज त्याच वेळी घ्यायची असते. सकाळी आठ आणि रात्री आठ अशी वेळ ठरली तर रविवारीही तीच आणि लग्नाच्या वरातीतही तीच. उपाशीपोटी घ्यायची की जेवणाशी संबंध ठेवून, हे डॉक्टरांनी जसे सांगितले असेल तसे रोज सारखेच ठेवावे.

‘टॅक्रो लेव्हल’ची तपासणी करताना एक गफलत वारंवार होते. ही पातळी सकाळचा डोस घेण्याआधी मोजायची असते. रुग्ण सवयीने गोळी घेऊन प्रयोगशाळेत जातो, आकडा भलताच जास्त येतो आणि त्यावरून डोस कमी केला जाण्याची शक्यता निर्माण होते. तपासणीच्या दिवशी गोळी खिशात न्यावी आणि रक्त दिल्यावर घ्यावी. चुकून आधी घेतली असेल तर तसे स्पष्ट सांगावे.

डोस विसरला आणि दोन-तीन तासांत आठवला, तर बहुधा लगेच घ्यायला सांगतात. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर दुप्पट गोळ्या घ्यायच्या नाहीत. गोळी घेतल्यावर थोड्याच वेळात उलटी झाली तर काय करायचे, हे आधीच विचारून ठेवावे. प्रवासात औषधे हातातल्या पिशवीतच हवीत. विमानात सामानाबरोबर दिलेली बॅग हरवू शकते. पावसात घाट बंद पडतो, गाडी रद्द होते, म्हणून चार दिवसांची जादा औषधे सोबत असावीत.

आपल्याकडे आणखी एक अडचण येते ती उपवासाची. एकादशीला, श्रावणी सोमवारी किंवा नवरात्रात गोळीही न घेणारी माणसे आहेत. काही जण निर्जळी करतात. नव्या किडनीला कोरडे पडणे सोसत नाही आणि औषधाला उपवासाची सुट्टी नसते. उपवास करायचाच असेल तर डॉक्टरांना विचारून, पाणी आणि गोळ्या चालू ठेवून करावा.

ब्रँड बदलण्याबाबतही सावध राहावे. जेनेरिक औषध घेणे गैर नाही. पैसे वाचत असतील आणि त्यामुळे औषध अखंड चालू राहणार असेल तर ते चांगलेच. पण केमिस्टने ‘हे संपले आहे, त्याऐवजी हे घ्या’ म्हणून दिलेली पट्टी परस्पर सुरू करू नये. वेगवेगळ्या कंपन्यांच्या औषधांनी रक्तातली पातळी थोडी वेगळी येऊ शकते. बदल डॉक्टरांना कळवून करावा आणि नंतर पातळी तपासून घ्यावी.

उशिरा मिळणारी शिक्षा

मधुमेहाचे इन्सुलिन चुकले तर साखर काही तासांत वाढते. दम्याचे औषध थांबले तर धाप लागते. टॅक्रोलिमसची गोळी दोन दिवस राहिली तर मात्र बहुधा काहीच जाणवत नाही. इथेच माणूस फसतो. औषध वारंवार कमी पडले की शरीर त्या दात्याच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे किडनीतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे सावकाश इजा करत राहतात. क्रिएटिनिन वाढलेले दिसते तोवर बरेच नुकसान झालेले असते आणि ते भरून काढणारे खात्रीचे औषध आजही नाही. शिवाय अशी प्रतिपिंडे तयार झाली की दुसऱ्या प्रत्यारोपणासाठी जुळणारा दाता मिळणेही अवघड होते.

गोळ्या चुकतात त्याला नुसता निष्काळजीपणा कारण नसतो. स्टेरॉइडने चेहरा गोल होतो, मुरमे येतात. लग्नाच्या वयाची मुलगी घरच्यांना न सांगता ती गोळी टाळू लागते. सायक्लोस्पोरिनने अंगावर केस वाढतात, हिरड्या सुजतात. किशोरवयीन मुलाला मित्रांसमोर डबी काढायची लाज वाटते. तोवर आईच्या हातून मिळणारे औषध आता त्याने स्वतः घ्यायचे असते आणि त्या अदलाबदलीत डोस राहून जातात. अशा वेळी रागावून उपयोग नसतो. औषधाचा त्रास डॉक्टरांना सांगितला तर डोस कमी करता येतो, कधी औषध बदलता येते.

सर्वांत मोठे कारण मात्र पैशाचे असते. शस्त्रक्रियेसाठी देणग्या मिळतात, न्यास मदत करतात, नातेवाईक उभे राहतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ साली अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये करण्यात आली. पण त्यानंतर दरमहा औषधे आणि तपासण्यांवर हजारो रुपये लागतात, वर्षानुवर्षे लागतात, आणि पाचव्या वर्षी कुणी देणगी गोळा करत नाही. घरात मुलीचे लग्न निघाले किंवा नोकरी गेली की रुग्ण स्वतःच डोस अर्धा करतो आणि कुणाला सांगत नाही. हे पाऊल उचलण्याआधी एकदा तरी डॉक्टरांशी आणि रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाशी बोलावे. स्वस्त पर्याय, धर्मादाय निधी, कामगार विमा योजना किंवा नोकरीतून मिळणारी वैद्यकीय भरपाई असे मार्ग असतात. किडनी गेली आणि पुन्हा डायलिसिस सुरू झाले तर खर्च आणि हाल दोन्ही वाढतात.

‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सल्ला इथे चालत नाही

करोनाच्या काळापासून घराघरात काढे, गुळवेल, अश्वगंधा आणि ‘इम्युनिटी’ वाढवणाऱ्या बाटल्या आल्या. मायेपोटी कुणी तरी त्या प्रत्यारोपण झालेल्या रुग्णालाही देते. ज्याची किडनी प्रतिकारशक्तीला मुठीत धरल्यामुळे टिकून आहे, त्याला प्रतिकारशक्ती चेतवणारे काही देणे म्हणजे सकाळच्या गोळीवर संध्याकाळी बोळा फिरवणे. काही वनौषधी टॅक्रोलिमसची पातळी वरखाली करतात. काही भस्मांमध्ये आणि चूर्णांमध्ये जड धातू सापडले आहेत. ते थेट किडनीला अपाय करतात. स्वयंपाकातली हळद, आले, लसूण नेहमीच्या प्रमाणात चालते. त्यांच्या अर्काच्या कॅप्सूल मात्र विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

फळांमध्ये पपनस टाळावे. गणपतीच्या दिवसांत कोकणात ते घरोघरी असते. पपनस आणि त्याच्या जातीतले ग्रेपफ्रूट यांतील घटक आतड्यातल्या एका विकराला रोखतात. एरवी हे विकर टॅक्रोलिमसचा बराच भाग रक्तात पोहोचण्याआधीच मोडून टाकते. ते बंद पडले की नेहमीच्याच डोसने औषधाची पातळी खूप वाढते. नागपुरी संत्र्याला हा दोष नाही. पंचकोनी चांदणीसारख्या कापाचे करमळ, म्हणजे ‘स्टारफ्रूट’, किडनी कमजोर असलेल्यांना विषासारखे ठरू शकते, तेही वर्ज्य समजावे.

औषधांच्या दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्यांचा धोका याहून मोठा. गुडघा दुखला म्हणून घेतलेले डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन किडनीचा रक्तपुरवठा कमी करते. घसा बसला म्हणून दिलेले एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन आणि नायट्यासाठी तोंडाने घेण्याचे फ्लुकोनॅझोल टॅक्रोलिमसची पातळी वाढवते. फिटसाठी दिलेले फेनिटॉइन आणि क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन ती इतकी पाडते की डोस वाढवून सतत मोजत राहावे लागते. दाताच्या, डोळ्याच्या, त्वचेच्या, कुठल्याही डॉक्टरकडे गेल्यावर पहिले वाक्य ‘माझे किडनी प्रत्यारोपण झाले आहे’ हे असावे आणि औषधांची यादी पाकिटात किंवा मोबाइलमध्ये असावी. साध्या दुखण्यावर किंवा तापावर पॅरासिटामॉल बहुधा चालते; पण ते घेऊन ताप दडवून ठेवणे मात्र धोक्याचे.

पाऊस, पाणी आणि ताप

प्रतिकारशक्ती दबलेली असल्यामुळे जंतुसंसर्ग लवकर होतो आणि त्याची लक्षणे सौम्य दिसतात. इतरांना १०३ ताप भरवणारा न्यूमोनिया इथे ९९-१०० वर रेंगाळत राहू शकतो. म्हणून १००च्या वर गेलेला ताप, दोन आठवडे टिकणारा खोकला, लघवीला जळजळ, अंगावर उठलेली नागीण, यांतल्या कशासाठीही ‘दोन दिवस बघू’ म्हणू नये. आपल्याकडे क्षयरोगाची भीती कायम असते. वजन उतरत असेल, रात्री घाम येत असेल तर त्याची तपासणी व्हायलाच हवी.

पावसाळा हा विशेष जपण्याचा काळ. जुलै २००५च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून हा रोग पसरतो आणि तो किडनीवरच घाव घालतो. तुंबलेल्या पाण्यातून चालणे टाळावे, पायाला जखम असेल तर मुळीच नको. डेंग्यू आणि हिवतापापासून बचावासाठी मच्छरदाणी लावावी. जुलाब लागले तर दुहेरी संकट असते. अंगातले पाणी कमी होते आणि त्याच वेळी टॅक्रोलिमस अधिक शोषले जाऊन पातळी वाढते. म्हणून पाणी उकळून प्यावे. रस्त्यावरची पाणीपुरी, उसाचा रस, कापून ठेवलेली फळे, कच्चे दूध, अर्धवट शिजलेली अंडी किंवा मासळी नको. मोड आलेली मटकी चांगली. पण ती शिजवून खावी. बागकाम करताना हातमोजे घालावेत आणि कबुतरांची विष्ठा झाडण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे.

लसींमध्ये दोन गट लक्षात ठेवावेत. फ्लूची दर वर्षीची सुई, न्यूमोकॉकल आणि हिपॅटायटिस बी या लसींमध्ये जिवंत जंतू नसतात. त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर घ्याव्यात. गोवर, कांजिण्या, पीतज्वर यांच्या लसी आणि नाकात मारण्याची फ्लूची लस यांत जिवंत पण दुबळे केलेले विषाणू असतात. त्या प्रत्यारोपणानंतर टाळतात. घरात तान्हे बाळ असेल आणि त्याला तोंडावाटे पोलिओचा डोस दिला असेल, तर लशीतला विषाणू काही आठवडे त्याच्या शीमधून बाहेर पडतो. तेवढे दिवस लंगोट बदलण्याचे काम आजोबांनी दुसऱ्या कुणावर सोपवावे.

किडनी चांगली आणि हृदय?

डायलिसिसच्या काळात डाळ, केळे, बटाटा, टोमॅटो मोजून खाल्लेले असतात. बंधने सुटली की माणूस मनसोक्त जेवतो, स्टेरॉइडने भूकही वाढते आणि वर्षभरात दहा-बारा किलो वजन सहज चढते. टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइड या दोन्ही औषधांनी साखर वाढते. आधी मधुमेह नसलेल्या अनेकांना तो प्रत्यारोपणानंतर जडतो. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलही वाढते. त्याचा परिणाम असा की किडनी उत्तम चालू असताना मृत्यू ओढवलेल्या रुग्णांमध्ये हृदयविकार हे एक प्रमुख कारण असते.

यावरचे उपाय ओळखीचेच आहेत, फक्त ते टाळता येत नाहीत. घरी रक्तदाब मोजण्याचे यंत्र असावे. बहुतेकांना तो १३०/८०च्या आत ठेवायला सांगतात. मोजताना फिस्टुलाचा हात वापरू नये. लोणचे, पापड, फरसाण, बेकरीचे पदार्थ कमी करावेत. जखम भरल्यावर रोज अर्धा-पाऊण तास चालावे. तंबाखू आणि सिगारेट पूर्ण बंद. दुपारच्या उन्हात पूर्ण बाह्यांचे कपडे आणि टोपी घालावी, कारण दीर्घकाळ ही औषधे घेणाऱ्यांमध्ये त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. न भरणारी जखम किंवा वाढता तीळ लगेच दाखवावा. स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी ठरावीक काळाने करून घ्यावी.

संसार, काम, मातृत्व

एवढी बंधने वाचून हे जगणे जपून ठेवलेल्या काचेच्या भांड्यासारखे असेल असे वाटण्याचा संभव आहे. तसे ते नाही. प्रत्यारोपण झालेली माणसे शेती करतात, रिक्षा चालवतात, शाळेत शिकवतात, डोंगर चढतात. १९७८ साली इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ येथे अवयव प्रत्यारोपण झालेल्या खेळाडूंच्या जागतिक स्पर्धा सुरू झाल्या आणि आजही त्या भरतात. पोहायला हरकत नाही. तलाव स्वच्छ, क्लोरिन घातलेला हवा, विहीर किंवा नदी नको.

डायलिसिसमध्ये बंद पडलेली पाळी नव्या किडनीनंतर काही महिन्यांत सुरू होते आणि गर्भ राहू शकतो. एडिथ हेल्म या अमेरिकी महिलेला १९५६ साली जुळ्या बहिणीची किडनी बसवली होती. १९५८ साली तिला मुलगा झाला. आज अशा मातांची संख्या जगभरात मोठी आहे. मात्र गरोदरपण ठरवून यायला हवे. मायकोफेनोलेटमुळे गर्भात गंभीर व्यंगे येतात, म्हणून गर्भधारणेच्या किमान सहा आठवडे आधी ते बंद करून दुसरे औषध सुरू करतात. प्रत्यारोपणानंतर निदान वर्षभर थांबून, किडनी स्थिर आणि रक्तदाब आटोक्यात असताना पुढे जायचे असते. तोवर गर्भनिरोधन आवश्यक. हा विषय सासूसमोर किंवा वडिलांसमोर निघत नाही, म्हणून पती-पत्नीने डॉक्टरांना वेगळे भेटून बोलावे.

मनाचेही दुखणे असते. तपासणीच्या आदल्या रात्री झोप न लागणे, ताप आला की घाबरून जाणे, दात्याविषयी ओझे वाटणे, हे पुष्कळांना होते. स्टेरॉइडने चिडचिड वाढते. घरच्यांनी त्याला ‘आता काय दुखतंय तुझं?’ असे म्हणू नये. गरज पडली तर समुपदेशकाची मदत घ्यावी.

आणि जिने दिली तिचे काय?

आपल्या देशात बहुतेक किडन्या जिवंत नातेवाइकांकडून मिळतात आणि देणाऱ्यांमध्ये स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. आई मुलाला देते, पत्नी पतीला देते. शस्त्रक्रियेनंतर घरातले सगळे लक्ष घेणाऱ्याकडे जाते. त्याचे पाणी उकळणे, त्याचे पथ्य, त्याच्या गोळ्यांच्या वेळा, हे सगळे बहुधा तीच सांभाळते, स्वतःच्या पोटावरचे टाके निघाल्यापासून काही दिवसांतच.

एका किडनीवर माणूस चांगला जगतो. १९५४ साली भावाला किडनी देणारा रोनाल्ड हेरिक २०१० पर्यंत, वयाच्या ७९ व्या वर्षापर्यंत जगला. तरीही दात्याने दर वर्षी रक्तदाब, लघवीतली प्रथिने, क्रिएटिनिन आणि साखर तपासायला हवी. वजन आणि मीठ आटोक्यात हवे आणि वेदनाशामक गोळ्यांपासून तिनेही लांब राहायला हवे. घरात दोन फाइली असाव्यात, एक त्याची आणि एक तिची, आणि तपासणीच्या तारखा एकाच कॅलेंडरवर लिहाव्यात.

प्रत्यारोपित किडनी सर्वसाधारणपणे दहा ते वीस वर्षे साथ देते. काहींना त्याहून कितीतरी जास्त, काहींना कमी. मूळचा आजार नव्या किडनीतही उलटू शकतो. सगळे पथ्य पाळूनही किडनी थकली तर तो रुग्णाचा दोष नसतो. पुन्हा डायलिसिस घेता येते, दुसरे प्रत्यारोपणही करता येते. आपल्या हातात आहे ते मात्र पूर्णपणे आपल्याच हातात आहे : ठरल्या वेळची गोळी, ठरल्या तारखेची तपासणी आणि पैसे कमी पडले किंवा त्रास झाला तर तसे वेळेवर सांगणे. शेवटची तपासणी कधी झाली होती हे आठवत नसेल, तर फाइल आजच उघडून पाहा. तारीख उलटून गेली असेल, तर उद्या सकाळची गोळी खिशात ठेवून आधी रक्त देऊन या.